पोरकी पिले आणि वजनाचा काटा

भातकापणी संपून पिंजराच्या गंज्या रचल्या गेल्या, की आमच्या बेळगाव-खानापूर भागात कुत्र्या विऊ लागतात. पावसाळा सरता सरता माजावर आलेली गावठी कुत्री सुमारे ६३ दिवसांनी, म्हणजे ऐन थंडीच्या तोंडावर विते. गंजीच्या पोटात, उसाच्या पाल्याखाली, गोठ्याच्या आडोशाला, कधी चर्चच्या सभागृहाच्या पायऱ्यांखालीसुद्धा. धर्मशिक्षणाच्या वर्गाहून परतणारी मुले ती पिले पाहतात, पोटाशी धरून घरी आणतात आणि आई कपाळाला हात लावते. बशीत गाईचे दूध येते, कापसाची वात येते, गोणपाटाचे अंथरूण येते. चौथ्या-पाचव्या दिवशी परसात लहानसा खड्डा खणावा लागतो आणि घरातले मोठे मुलांची समजूत घालतात, "आईवेगळे पिलू, ते जगायचे नव्हतेच."

हे समजूत घालण्याचे वाक्य मला मान्य नाही. त्यांतली पुष्कळ पिले जगण्यासारखी असतात. ती गारठ्याने, चुकीच्या दुधाने किंवा चुकीच्या रीतीने पाजल्याने जातात, आणि ती जाऊ लागली आहेत हे दोन दिवस आधी कोणाच्या लक्षात येत नाही. लक्षात येण्याचा मार्ग सोपा आहे: रोज वजन करणे आणि ते लिहून ठेवणे. माझे म्हणणे असे, की ज्याला पोरके पिलू सांभाळावयाचे आहे त्याने दुधाच्या अगोदर काटा आणि वही आणावी. तेवढे जमणार नसेल तर पिलू उचलू नये.

उचलण्याचा विषय निघालाच आहे तर आधी हे पाहावे, की ते पिलू खरोखर पोरके आहे काय? व्यालेल्या गावठी कुत्रीला कोणी बसल्या जागी ताट वाढत नाही. पिलांना सोडून तिला पोटासाठी हिंडावे लागते, आणि तास-दोन तास ती दिसली नाही म्हणजे ती मेली असे होत नाही. लांब उभे राहून तीन-चार तास नजर ठेवावी. पिले एकमेकांवर ढीग करून गुपचूप झोपली असतील, पोटे भरलेली दिसत असतील, तर आई येऊन जाते आहे असे समजावे. पांगलेली, सतत केकाटणारी, हाताला गार लागणारी पिले मात्र खरी अडचणीत असतात. आई जिवंत असेल तर तिलाच भाकरी, भात, मटणाचे पाणी आणि भरपूर प्यावयाचे पाणी द्यावे, तिच्या जागेवर वाऱ्याच्या बाजूने एखादे पोते लावावे. यापेक्षा स्वस्त आणि चांगला सांभाळ नाही.

कोलकात्याच्या आयसर संस्थेतील संशोधकांनी पश्चिम बंगालात ९५ वेतांतील ३६४ पिलांवर पाच वर्षे लक्ष ठेवले आणि २०१६ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. वयात येईपर्यंत त्यांतली अवघी १९ टक्के पिले उरली. मेलेल्यांपैकी ६३ टक्क्यांच्या मरणामागे या ना त्या प्रकारे माणसाचा हात होता. तेव्हा आपण हात लावताना जरा विचार करून लावावा.

आई खरोखरच गेली असेल तर दुसरी व्यालेली कुत्री शोधावी. हे पुष्कळांना सुचतच नाही. शेजारच्या मळ्यातल्या कुत्रीची पिले त्याच वयाची असली तर तिच्या अंथरुणावर पोरक्या पिलाला चोळून, तिच्या पिलांत मिसळून, जवळ बसून पाहावे. अनेक कुत्र्या स्वीकारतात. गुरगुरली तर मात्र लगेच काढून घ्यावे. एकाच दिवसाचे पिलू असेल तर हा खटाटोप अधिकच मोलाचा आहे, कारण चिकाचे महत्त्व आपल्या शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. वासराला चीक पाजल्याशिवाय आपण खरवसाला हात लावीत नाही. कुत्र्याच्या पिलाचेही तसेच आहे. रोगांपासूनचे बहुतेक संरक्षण त्याला चिकातूनच मिळते आणि ते आतड्यातून रक्तात घेण्याची ताकद पहिल्या २४ तासांत संपते. पहिले काही तास तर सर्वांत महत्त्वाचे. ज्याला चीक मिळाला नाही ते पिलू पुढे सर्व दृष्टींनी नाजूक समजावे.

आता पिलू घरात आलेच आहे असे धरू. पहिले काम दूध पाजण्याचे नाही. पहिले काम ऊब देण्याचे.

नवजात पिलाला पहिल्या आठवड्यात थंडीने कापताही येत नाही. अंगातली उष्णता स्वतः राखण्याची शक्ती त्याच्यात नसते. ती आईच्या पोटाची आणि भावंडांची उसनी घ्यावी लागते. पहिल्या आठवड्यात पिलाच्या अंगाचा उष्मांक ९५ ते ९८ अंश फॅरनहाइट असतो. आपल्या घरातला ताप पाहण्याचा डिजिटल थर्मामीटर टोकाला थोडे खोबरेल तेल लावून गुदद्वारात अगदी जरासा, हलक्या हाताने सरकवावा. (तो थर्मामीटर पुढे पिलांसाठीच वेगळा ठेवावा हे सांगावयास नको.) पारा ९४ च्या खाली असेल तर दुधाचा थेंबही देऊ नये. गारठलेल्या पिलाचे आतडे चालत नाही. पोटात गेलेले दूध तसेच पडून नासते, पोट फुगते, नाहीतर ते फुप्फुसात उतरते. "उपाशी आहे बिचारे, आधी दोन घोट पाजू" या दयेने जेवढी पिले मरतात तेवढी उपासाने मरत नसावीत.

गार पिलाला हळूहळू ऊब द्यावी, तास-दोन तास लावून. स्वेटरच्या आत, आपल्या छातीशी धरून ठेवणे सर्वांत उत्तम. एकदम तापवले तर कातडी गरम होते आणि आतले अवयव गारच राहतात. फार मलूल असेल तर ऊब आल्यावर बोटाने हिरड्यांवर ग्लुकोजच्या पाण्याचे एक-दोन थेंब चोळावेत आणि जनावरांच्या डॉक्टरांना विचारावे.

राहण्यासाठी पुठ्ठ्याचे उंच खोके पुरते. कोंबडीची पिले वाढवणाऱ्या आमच्या भगिनींना पुढचे अर्धे शास्त्र येतेच. गरम पाण्याची पिशवी किंवा बाटली जाड फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका टोकाला ठेवावी, दुसरे टोक मोकळे ठेवावे, म्हणजे पिलाला हवे तिकडे सरपटता येते. जुन्या तारेच्या दिव्यानेही काम होते. हल्लीचे एलईडी दिवे उजेड देतात, ऊब देत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. पेटती शेगडी बंद खोलीत कधीही ठेवू नये, पिलांसाठी नाही आणि माणसांसाठीही नाही. पहिल्या आठवड्यात पिलांभोवतीची हवा २९ ते ३२ अंश सेल्सियस हवी. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात २७ च्या आसपास. महिन्याचे पिलू २४ अंशांत सुखाने राहते. आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटे किती असते ते पाहा, म्हणजे रात्री दोनदा उठून पाण्याची पिशवी का बदलावयाची ते कळेल. पिले स्वतःच सांगतात: थंडी असली की एकमेकांत घुसतात आणि कुरकुरतात, उकडले की पांगून धापा टाकतात, बरोबर असले की शेजारी शेजारी पडून झोपतात. झोपेत ती दचकल्यासारखे आचके देतात. घाबरू नये, निरोगी पिलाची झोप तशीच असते. न हलता लोळागोळा पडलेल्या पिलाची काळजी करावी.

आता काटा. स्वयंपाकघरात ठेवतात तो एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा चार-पाचशे रुपयांत मिळतो. रेशन दुकानाच्या काट्याचा येथे उपयोग नाही. ज्या प्राण्याचे सारे वजन तीनशे ग्रॅम, त्याच्या बाबतीत दहा ग्रॅमची घट म्हणजे काय हे माणसाच्या हिशेबात मांडून पाहावे: साठ किलोच्या माणसाचे दोन किलो एका रात्रीत उतरावेत तसे ते आहे. काट्यावर खोल वाडगा ठेवून त्यात फडके घालावे, आकडा शून्यावर आणावा, मग पिलू ठेवावे. वेळ रोज एकच असावी, पाजण्यापूर्वीची. पहिला आठवडा सकाळ-संध्याकाळ, दुसरा आठवडा रोज, नंतर एक दिवसाआड.

पिले सारखी दिसत असतील तर ओळख पटण्यासाठी वेगवेगळ्या पायांच्या नखांना नेलपॉलिशचा ठिपका लावावा. गळ्यात लोकरीचा धागा बांधण्याची पद्धत वाईट. पिलू दर दिवशी वाढते, धागा वाढत नाही.

वहीत तारीख, वेळ, वजन, किती पाजले, लघवी, शी आणि शेरा एवढे रकाने पुरेत. मध्यम चणीच्या कुत्रीचे पिलू जन्मतः साधारण २०० ते ४०० ग्रॅमचे असते. पहिल्या दिवशी वजन किंचित उतरते. जन्माच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापर्यंत ते चालते, त्याहून जास्त उतरले तर धोका. त्यानंतर मात्र आकडा रोज चढलाच पाहिजे. जन्मवजनाच्या पाच ते दहा टक्के रोज, म्हणजे ३०० ग्रॅमच्या पिलाने दिवसाला १५ ते ३० ग्रॅम धरावेत. दहा दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत, वजन दुप्पट व्हावे. एक दिवस वाढ झाली नाही तर ऊब, दूध आणि पाजण्याची रीत पुन्हा तपासावी. दोन दिवस वाढ नाही, किंवा एका दिवसातही घट, असे झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. "उद्या बघू" म्हणू नये. एवढ्या जिवाला उद्यापर्यंत पुरेल अशी शिदोरी अंगात नसते.

हे सारे नुसत्या डोळ्यांनी का दिसत नाही? समजा, घरात चार पिले आहेत. सर्वांत लहान २४० ग्रॅमचे, सर्वांत दांडगे ३१० ग्रॅमचे. घरातल्या सर्वांचे लक्ष त्या लहानग्याकडे. त्याला जास्त दूध, त्याला मांडीवर. वहीत मात्र लहानग्याचे आकडे असे येतात: २४०, २५८, २७७, २९६. दांडग्याचे येतात ३१०, ३१४, ३१४, ३०९. डोळ्यांना चौथ्या दिवशीही दांडगेच मोठे दिसते, पण आजारी आहे ते दांडगे. त्याचे ओरडणे कमी झाले म्हणून घरच्यांनी त्याला शहाणे ठरवलेले असते! वही नसेल तर सहाव्या दिवशी ते "अचानक" मरते. हे अचानक फारच थोड्या वेळा अचानक असते.

आपल्या अंगणवाडीच्या ताई हेच करतात. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, तेव्हापासून गावोगावची बाळे काट्यावर बसली आणि त्यांच्या वजनाची रेघ तक्त्यावर उमटू लागली. बाळ किलोने किती भरले यापेक्षा रेघ चढते आहे की आडवी झाली आहे, हे ताई पाहतात. आडवी रेघ म्हणजे आजार दारात आला. कुत्र्याच्या पिलाची रेघ महिन्यांऐवजी दिवसांनी वाचावयाची, एवढाच फरक. आणि डेअरीत दूध घालताना फॅट पाहिल्याखेरीज पावती न घेणाऱ्या आम्हांला मोजमापाचे महत्त्व दुसऱ्याने सांगावे लागू नये.

दुधाविषयी. कुत्रीच्या दुधात स्निग्धांश सुमारे ९ टक्के आणि प्रथिने ७ ते ८ टक्के असतात. गाईच्या दुधात दोन्ही साडेतीन-चार टक्क्यांच्या आसपास, आणि दुधातली साखर मात्र कुत्रीच्या दुधापेक्षा जास्त. म्हणजे गाईचे दूध पिलाला पाणचट पडते आणि वर ढाळ लावते. त्यात आणखी पाणी घालून "हलके" करणे म्हणजे उपाशी ठेवणेच. म्हशीचे दूध स्निग्धांशाने जरा जवळ येते, प्रथिनांत तेही कमी. शेळीचे दूध पिलांना अमृत असते असा समज आहे. ते गाईच्या दुधाहून फारसे वेगळे नाही. औषधांच्या आणि पशुखाद्याच्या दुकानांत पिलांसाठी तयार दुधाची भुकटी मिळते, तीच घ्यावी. ती मिळेपर्यंत एक-दोन दिवसांची अडचण भागविण्यासाठी एक कप सायीसकट तापवून कोमट केलेले दूध, तीन अंड्यांचे पिवळे बलक आणि एक मोठा चमचा खाद्यतेल नीट घोटून घ्यावे. पांढरा बलक घालू नये. उरलेले थंड जागी ठेवून दुसऱ्या दिवशी टाकून द्यावे.

पोट किती? एका वेळी १०० ग्रॅम वजनाला ४ मिलिलिटर, याच्या वर जाऊ नये. दिवसाकाठी १०० ग्रॅमला १५ ते २० मिलिलिटर. तीनशे ग्रॅमच्या पिलाला दिवसभरात ४५ ते ६०, म्हणजे आठ वेळा पाजले तर दर वेळी सहा-सात मिलिलिटर, फार झाले. पाहा, येथेही काट्याशिवाय पान हलत नाही. वजन रोज वाढणार, तसे दूधही रोज वाढवावयाचे. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पुढे तीन-चार तासांनी. ज्यांच्या घरी दहावीचा विद्यार्थी रात्री जागतो त्यांना एक पाळी फुकट मिळते.

पाजण्याची रीत फार महत्त्वाची आहे. बाळाला बोंडल्याने पाजतात तसे उताणे धरून पिलाला कधीही पाजू नये. कुत्रीच्या पोटाशी पिलू जसे पालथे असते तसेच फडक्यावर पालथे ठेवावे, मान थोडी वर. बाटलीला छोटे बूच, नाहीतर सुई काढलेली इंजेक्शनची पिचकारी. एक एक थेंब, ते चोखेल तसतसा. घाईने दाबले की दूध श्वासनळीत जाते आणि दोन दिवसांत न्यूमोनिया होतो. नाकातून दूध आले तर थांबावे, तोंड उघडून टाळूला चीर आहे काय ते पाहावे. टाळू फाटलेले पिलू घरी उपचार करण्याचे नव्हे, डॉक्टरांच्या हवाली करावे.

पाजून झाले की कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाने पोटाखाली आणि शेपटीखाली हलके पुसावे. तीन आठवड्यांपर्यंत पिलाला आपण होऊन लघवी-शी करता येत नाही. आई चाटून करवते. हे माहीत नसल्याने पोट तुंबून मेलेली पिले थोडीथोडकी नसतील. लघवी जवळजवळ रंगहीन असावी. गर्द पिवळी झाली तर अंगात पाणी कमी पडते आहे. एवढ्या लहान पिलाची कातडी चिमटीत धरून पाण्याची कमतरता कळत नाही, लघवीच्या रंगाने कळते. शी पिवळसर, मऊ, आकार धरणारी असावी. पातळ आणि पिवळी-हिरवी झाली तर बहुधा जास्त पाजले जात आहे. पाण्यासारखी झाली तर थांबू नये, न्यावे.

रोजच्या वजनाच्या वेळीच दोन मिनिटांत बाकीचे पाहून घ्यावे. हिरड्या गुलाबी हव्यात. पांढुरक्या पडल्या तर पिसवा किंवा अंकुशकृमी रक्त पीत आहेत. पिसवा बारीक फणीने काढाव्यात. मोठ्या कुत्र्याची पावडर, गोठ्यात फवारावयाचे औषध पिलाच्या अंगाला लावू नये, पिसवांबरोबर पिलूही जाईल. बेंबी कोरडी हवी. सुजली, लाल झाली तर दुर्लक्ष करू नये. डोळे दहा ते चौदा दिवसांत उघडतात, कान त्याच्या थोडे पुढे. डोळे बोटांनी उघडू नयेत, पण मिटलेली पापणी फुगून आत पू दिसला तर मात्र वाट पाहू नये. तिसऱ्या आठवड्यात दात आणि डगमगती चाल. तेव्हापासून माणसांचा आवाज, हात, भांड्यांचा खणखणाट त्याच्या सवयीचा होऊ द्यावा. तीन ते बारा आठवड्यांत जे ओळखीचे झाले त्याला कुत्रे पुढे भीत नाही आणि म्हणून चावतही नाही.

घरातल्या मुलांच्या दृष्टीने जंतांचा प्रश्न मोठा. गोल जंत पिलाला आईच्या पोटातच मिळतात, अंकुशकृमी दुधातून. पोट नगाऱ्यासारखे आणि पाठीचा कणा हाताला टोचतो, असे तीन आठवड्यांचे पिलू बाळसेदार समजू नये. जंताचे औषध दुसऱ्या आठवड्यापासून, दर दोन आठवड्यांनी, आठ आठवड्यांचे होईपर्यंत द्यावे लागते, आणि ते वजनावर मोजून. "अंदाजे पाव गोळी" हा प्रकार नको. डॉक्टरांना वही दाखवावी, मात्रा ते सांगतील. गोल जंतांची अंडी मातीत दोन-तीन आठवड्यांनी बाधक होतात, म्हणून पिलाची घाण रोजच्या रोज उचलून पुरली तर निम्मा धोका टळतो. उरलेला निम्मा साबणाने हात धुतल्याने. अंगणात उघड्या पायांनी खेळणाऱ्या मुलांच्या तळव्यांवर सरपटणारी लाल खाजरी रेघ दिसली तर तीही कुत्र्याच्या अंकुशकृमीची असू शकते.

आणि पिसाळीचा रोग. गोव्यात मिशन रेबीजने २०१४ पासून सरकारच्या सहकार्याने कुत्र्यांना सरसकट लस टोचण्याची मोहीम चालविली. त्याचा फायदा सर्वांनी पाहिला. पण आपण कोठेही राहत असलो तरी, ज्याच्या आईचा ठावठिकाणा नाही असे पिलू चावले, ओरखडले, किंवा त्याची लाळ उघड्या जखमेला लागली, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. हळद, चुना, तिखट लावू नये. "एवढेसे पिलू, त्याला कसली पिसाळी" असे म्हणू नये, पिलांनाही होते. पिलाला स्वतःला रेबीजची लस तीन महिन्यांचे झाल्यावर, आणि इतर रोगांच्या लशी सहा ते आठ आठवड्यांपासून पुढे ठराविक अंतराने. एका घरात पार्व्होने पिले मेली असतील तर त्या अंगणात वर्षभर नवे पिलू आणू नये. तो विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. फरशी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुता येते, माती धुता येत नाही.

आता काही वाचक विचारतील, आणि त्यांचे विचारणे गैर नाही, की माणसांच्या लेकरांना पुरेसे दूध नसताना गावठी कुत्र्याच्या पिलासाठी डबाबंद दूध आणि काटा कशाला? १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथात, २४१८ व्या परिच्छेदात, दोन्ही बाजू सांगितल्या आहेत. जनावराला विनाकारण यातना देणे वा मारणे माणसाला शोभत नाही, आणि जो पैसा आधी माणसाचे दुःख निवारण्यासाठी जावयास हवा तो जनावरांवर उधळणेही शोभत नाही. मी या दोन्ही वाक्यांच्या बाजूने आहे. म्हणूनच मी खर्चिक प्रेमाचा पक्ष घेत नाही, मोजमापाचा घेतो. मुलांनी हौसेने उचलून आणलेले पिलू चार दिवस कुढत मरू देणे ही यातना विनाकारणच आहे. आणि ती टाळण्यास लागते ते बहुतांशी लक्ष, पैसा थोडा. संत रॉक यांच्या मूर्तीजवळ भाकरी तोंडात धरलेले कुत्रे आपण पाहतो. परंपरा सांगते की आजारी संताला ते रोज भाकरी आणून देत असे. एक दिवस भरपूर आणि मग विसरले, असे त्या कुत्र्याने केले नाही.

माझी सूचना अशी. प्रत्येक घराने काटा विकत घेण्याची गरज नाही. पॅरिशच्या युवक मंडळाने एक काटा, दोन थर्मामीटर, दोन-तीन पाजण्याच्या बाटल्या आणि रेघा मारलेल्या कोऱ्या वह्या सभागृहाच्या कपाटात ठेवाव्यात. ज्याच्या घरी पिले येतील त्याने नाव लिहून न्याव्यात, काम झाल्यावर उकळत्या पाण्याने बाटल्या धुऊन परत द्याव्यात. १७ जानेवारीला, मठवासी संत अँथनी यांच्या सणाला, काही ठिकाणी जनावरांना आशीर्वाद देतात. त्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावून पिलांना जंताचे औषध आणि मोठ्या कुत्र्यांना रेबीजची लस असे दोन तास ठेवता येतील. व्यालेल्या कुत्रीची पिले दूध तोडल्यावर तिची शस्त्रक्रियाही करून घ्यावी, म्हणजे पुढच्या सुगीला त्याच गंजीत तोच प्रकार नको. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांप्रमाणे ही जबाबदारी स्थानिक संस्थेची आहे. ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज करावा आणि पोच घ्यावी.

पिलू आठ आठवड्यांचे होण्याआधी कोणाला देऊ नये, कितीही मागणी आली तरी. आणि देताना बरोबर ती वही द्यावी. वजन, जंताच्या औषधाच्या तारखा, पहिल्या लशीची तारीख, पुढची कधी आहे ते. नव्या मालकाने वही न पाहताच बाजूला ठेवली, तर त्याला पिलू द्यावे की नाही याचा पुन्हा एकदा विचार करावा.